आईला विचारलेला प्रश्न : बालरुग्णालयांतील संशोधनाची कहाणी

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात यशस्वी ठरलेली ती पहिली लस. लसीचे द्रव्य बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असे टिकवत आणलेले होते. ॲनाच्या दंडावर आलेल्या फोडातून ते आणखी मुलांना टोचले आणि मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशा गावी गेले. बर्फाची पेटी त्या काळी नव्हती. लस जिवंत ठेवण्याचे भांडे म्हणजे लहान मूल.

त्याआधी सहा वर्षे, १७९६ साली, इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, गाईच्या देवीचे द्रव्य टोचले आणि काही आठवड्यांनी खऱ्या देवीचे द्रव्य टोचून पाहिले. मुलगा सुखरूप राहिला. पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी जगातून देवी गेली, तिचे मूळ या एका मुलाच्या दंडात आहे. ॲना आणि जेम्स यांची नावे इतिहासात राहिली. त्यांच्या आयांना कोणी काय विचारले, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडण्यासारखा नव्हता.

वाचकहो, या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग काढणार आहे. मुलांच्या दवाखान्यात संशोधन होते तेव्हा आईला काय विचारले जाते, कोणत्या भाषेत विचारले जाते, आणि तिच्या उत्तराचे पुढे काय होते, एवढाच माझा विषय आहे. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या पद्धतीचे जनक हानेमान यांनी १७९० साली सिंकोनाची साल स्वतःच घेऊन पाहिली, आणि निरोगी, समजत्या माणसांवर औषध पारखण्याची रीत घालून दिली. मुलांच्या बाबतीत ही सोय नाही. तान्हे मूल ‘मी तयार आहे’ असे म्हणू शकत नाही. पण मोठ्यांवर पारखलेली गोळी अर्धी करून मुलाला देणे हाही एक प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून मुलांसाठी मुलांवर संशोधन झाले पाहिजे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. वाद संशोधन करावे की नाही याचा नाही. ते कसे करावे, याचा आहे.

पितळेचे पातेले

साठीच्या पुढच्या वाचकांना ‘बाळाचे लिव्हर वाढले’ हे शब्द आठवत असतील. वर्ष-दीड वर्षाचे, अंगाने बरे असलेले मूल चिडचिडे होई. त्याला बारीक ताप येई, अन्न नकोसे होई. पोट पुढे येई आणि उजव्या बरगडीखाली टणक, धारदार कडेचे यकृत हाताला लागे. मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि बहुधा काही महिन्यांत शेवट. एकाच घरात एकामागून एक अशी एकाहून अधिक मुले जात. दृष्ट, शाप, घराण्याचा दोष असे सारे बोलले जाई. मद्रासच्या जम्मींच्या लिव्हर क्युअरच्या बाटल्या दूरदूरच्या गावांतून मागवल्या जात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले. पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिर्‍होसिस’ असे नाव पडले. जवळजवळ शंभर वर्षे कारण सापडत नव्हते. कोणी विषाणू म्हटले, कोणी कुपोषण, कोणी आनुवंशिकता, कोणी धान्यावरच्या बुरशीचे विष. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले, तेव्हा पेशींत तपकिरी कण दिसू लागले. मोजणी केल्यावर यकृतात तांबे साठले आहे, आणि तेही अतोनात, हे स्पष्ट झाले. आता प्रश्न उरला : एवढे तांबे तान्ह्या मुलाच्या पोटात येते कोठून?

याचे उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय पुढे होते. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी प्रयोगशाळेइतकेच लक्ष स्वयंपाकघराकडे दिले. आजारी मुलांच्या आणि त्यांच्या जोडीला निवडलेल्या निरोगी मुलांच्या पोषणाचा इतिहास त्यांनी तपासला. मुलाला वरचे दूध केव्हा सुरू केले, ते गाईचे की म्हशीचे, तापवले कशात, ठेवले कशात? उत्तरे पाहता पाहता पितळेचे पातेले पुढे आले. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले होते. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द मला फार बोलका वाटतो : कळकणे. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून आंबट पदार्थाला कल्हईचे भांडे लागे आणि कल्हईवाल्याची हाक आली की घरोघरची भांडी अंगणात येत. दुधाचे तसे नाही. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, आणि जिभेला ते सहज कळत नाही. आंबट पदार्थाने धोक्याची सूचना दिली. दुधाने दिली नाही. घरोघरच्या शहाणपणात नेमके जेथे भोक होते, तेथून आजार आत आला होता.

पुढे याच गटाने पेनिसिलामाइन हे तांबे शरीराबाहेर काढणारे औषध या मुलांना देऊन पाहिले. कावीळ आणि पोटातले पाणी येण्याआधी औषध सुरू झाले तर काही मुले वाचतात, उशीर झाला तर फारसा उपयोग होत नाही, असे दिसले. पण मोठा उपाय औषधाचा नव्हताच. अंगावरचे दूध चालू ठेवा, आणि वरचे दूध पितळेत ठेवू नका : हा निरोप घरोघर गेला. याच सुमारास स्टेनलेस स्टीलही घरोघर आले. दोन दशकांत हा आजार इतका विरळ झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो. पितळ वापरणाऱ्या सगळ्याच घरांत मुले का आजारी पडली नाहीत, तांब्याच्या जोडीला शरीराची काही जन्मजात ठेवण असावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलांना असाच आजार झाल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध होते, कल्हई नसलेली तांब्याची भांडी होती, आणि भांडी बदलल्यावर आजार गेला. तेथील संशोधकांनी आनुवंशिक दोष आणि तांबे या दोहोंचा मेळ धरला आहे.

या संशोधनाचा गाभा पाहा. शंभर वर्षे न सुटलेले कोडे सुटायला सूक्ष्मदर्शक लागला, तांबे मोजण्याचे यंत्र लागले. पण शेवटची कडी आईने दिली. आणि तिला विचारणे सोपे नव्हते. ते पातेले तिच्या माहेराहून आलेले असेल. ‘तुझ्याच भांड्याने हे झाले’ असा आरोप न होता तो प्रश्न विचारला गेला पाहिजे. ती घाबरली तर खोटे सांगेल, आणि तिने खोटे सांगितले तर शास्त्र चुकेल. येथे चांगली वागणूक आणि चांगले विज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत.

आपल्या गावात

आता इंदूरकडे येऊ. आपल्या गावाची वैद्यकीय परंपरा जुनी आहे. १८७८ साली येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे तिला किंग एडवर्डचे नाव मिळाले. १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे रुग्णालय, आपले एम. वाय., आणि त्याच परिसरातले चाचा नेहरू बाल चिकित्सालय यांनी माळवा-निमाडातल्या किती पिढ्यांना हात दिला आहे, हे येथे सांगायला नको. धार, झाबुआ, खरगोनहून रात्रीच्या बसने आलेली आई मूल कडेवर घेऊन सकाळी तेथेच पोचते.

२००५ च्या जानेवारीत औषधांच्या चाचण्यांविषयीच्या भारतीय नियमांत बदल झाला. परदेशात ज्या टप्प्यावर चाचणी चालू असेल, त्याच टप्प्यावर ती भारतातही करता येऊ लागली. मोठी लोकसंख्या, इंग्रजी जाणणारे डॉक्टर आणि कमी खर्च, यामुळे चाचण्यांचा ओघ देशात आला. इंदूरही त्यात होते. २०१० साली महाविद्यालयाशी संबंधित डॉ. आनंद राय आणि ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ यांच्यासारख्यांनी या चाचण्यांविषयी प्रश्न उपस्थित केले आणि प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार एम. वाय. रुग्णालयात सुमारे सात वर्षांत ७३ चाचण्या झाल्या, त्यांत ३,३०० रुग्ण होते, आणि त्यांपैकी १,८३३ मुले होती. आपल्या मुलावर चाचणी चालू आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते, अशी काही कुटुंबांची तक्रार होती. चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे वेगळे होते : सह्या घेतल्या होत्या, नियम पाळले होते, आणि झालेले मृत्यू औषधामुळे नव्हते.

‘स्वास्थ्य अधिकार मंचा’ची याचिका २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. केंद्र सरकारने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात देशभरात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले. हे दोन आकडे एकत्रच वाचावेत. चाचणीत असलेला माणूस मुळात आजारी असतो. त्याचा प्रत्येक मृत्यू औषधामुळे झाला असे म्हणणे चूक. पण कोणता मृत्यू कशामुळे, हे ठरवणारी व्यवस्थाच कमजोर असेल, तर ८० या आकड्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

२०१३ च्या आरंभी नियम बदलले. चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई, नैतिकता समित्यांची सक्तीची नोंदणी अशा तरतुदी आल्या. त्याच वर्षी न्यायालयाने संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण करण्यास सांगितले. १९ मार्च २०१९ रोजी चाचण्यांची सविस्तर नवी नियमावली आली. वाचकहो, देशाच्या औषध कायद्यातल्या या फेरबदलाच्या मुळाशी जी प्रकरणे आहेत, त्यांत आपल्या गावाचे नाव ठळक आहे. हे भूषण मानावे की खंत, ते ज्याने त्याने ठरवावे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : २०१३ नंतर देशातल्या चाचण्या एकदम रोडावल्या आणि काही उपयुक्त कामेही थांबली. विश्वास गेला की चांगले-वाईट दोन्ही बंद पडते.

सही म्हणजे संमती का?

‘सह्या घेतल्या होत्या’ या वाक्यापाशी थोडे थांबू. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग देऊन अभ्यास झाला. पालकांच्या सह्या होत्या. पण संस्था तुडुंब भरलेली. इतर प्रवेश बंद असतानाही संशोधनाच्या विभागात जागा मिळे. घरी सांभाळणे अशक्य झालेल्या मुलाची आई तेथे सही करणार नाही तर काय करील? १९६६ साली अमेरिकेतल्या डॉ. हेन्री बीचर यांनी अशा बावीस प्रयोगांवर बोट ठेवले. त्यांत हाही होता.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. लस जगभर वापरली जाणारी आहे, आणि काही मुलींच्या मृत्यूंचा तिच्याशी संबंध असण्याची शक्यता कमी, असे चौकशीत म्हटले गेले. पण संसदेच्या समितीने २०१३ साली आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांचा हिशेब मांडला : त्यांतल्या १,९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आई-वडील जिवंत असताना त्यांच्या मुलीसाठी अधीक्षकाने सही करायची, ही संमती कोणाची?

आमच्या जैन परंपरेत कर्माचे तीन प्रकार मोजतात : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि केलेल्याला मान्यता दिलेले. तिघांनाही कर्म लागते. संशोधन करणारा डॉक्टर, ते करवणारी कंपनी आणि त्याला मान्यता देणारी समिती यांच्या जबाबदारीची याहून नेमकी वाटणी मला कोठे आढळलेली नाही. आईची सही या तिघांपैकी कोणाचेही ओझे कमी करत नाही.

आणि आता भाषेकडे. मराठीत ‘चाचणी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. रक्ताची चाचणी आणि औषधाची चाचणी. पहिलीत मुलाला काय झाले आहे हे शोधायचे असते. दुसरीत औषध कसे आहे हे शोधायचे असते. पहिली मुलासाठी असते. दुसरी मुलावर असते, आणि तिचा लाभ त्याला मिळेलच असे नाही. ‘मुलाची चाचणी करायची आहे, येथे सही करा’ असे आईला सांगितले, तर ती पहिलाच अर्थ घेणार. सांगणाऱ्याने एकही शब्द खोटा उच्चारलेला नाही, आणि तरी तिला खरे कळलेले नाही. ‘प्रयोग’ म्हणावे तर आपल्या मनात नाटकाचा प्रयोग उभा राहतो, किंवा एकदम उंदीर आणि ससे. हिंदीतही ‘जाँच’ आणि ‘परीक्षण’ यांतला फरक घाईत पुसला जातो. माळवी आणि निमाडी बोलणाऱ्या आईपर्यंत हा कागद पोचेतो अर्थ आणखी पातळ होतो. ही अडचण वैद्यकाची जितकी, तितकीच शब्दांची आहे. म्हणूनच हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर आणावासा वाटला.

दूरच्या आईचे उपकार

हे सारे जमते, याचीही उदाहरणे आहेत. जुलाबाने तान्ह्या मुलांना मारणाऱ्या रोटा विषाणूवरची भारतीय लस ज्या विषाणूपासून तयार झाली, तो १९८०च्या दशकात दिल्लीतल्या नवजात बालकांमध्ये सापडला. त्या बालकांना संसर्ग होता, पण जुलाब नव्हते. लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लूर आणि पुण्याजवळच्या वढू येथे झाली. वढूचे काम पुन्हा के. ई. एम.चेच. एकूण ६,७९९ तान्ही मुले तीत होती. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाले, आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने ही लस सरकारी कार्यक्रमात आली; पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातही पोचली. काही मुलांना निष्क्रिय द्रव्य दिले, यावर टीका झाली; ती टीका विचार करण्याजोगी आहे. पण आज आपल्या नातवंडाच्या तोंडात लसीचे थेंब पडतात, त्यामागे वढूच्या पंचक्रोशीतल्या कोणा आईने दिलेला होकार आहे, हे विसरू नये.

मुलांवरच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार पालकांची संमती तर हवीच. शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगून त्याचाही होकार घ्यावा, आणि बारापुढे तो लेखी असावा. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत मुलांचा विचारच नव्हता. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेने पालकांच्या संमतीची वाट काढली. आता मुलाच्या शब्दालाही कागदावर जागा मिळाली आहे. ॲना डस्टहॉलपासून येथवर यायला दोनशे पंधरा वर्षे लागली.

२०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे लागतात, आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. वाचकहो, ही जागा आपली आहे. निवृत्त शिक्षक, भाषेचे प्राध्यापक, चार बोली जाणणारी एखादी लेखिका यांनी ती मागून घ्यावी. औषधाचे रसायन त्यांना कळायला नको; ते पाहणारे दुसरे असतात. त्यांनी संमतिपत्र मोठ्याने वाचावे, कठीण शब्दावर अडावे आणि ‘चाचणी’ कोठल्या अर्थाने लिहिले आहे ते विचारावे. आणि एक साधी रीत लावून घ्यावी : सारे सांगून झाल्यावर आईला म्हणावे, ‘बाई, तुम्हाला काय समजले ते आता तुमच्या शब्दांत सांगा.’ तिने सांगितलेले आणि कागदावरचे जुळले, तर तिची सही घ्यावी. नाही जुळले, तर कागद पुन्हा लिहावा.